भागीदारीतले परवडणारे लढाऊ विमान : हिस्सा सर्वांचा, पण पाटकरी कोण?

पांझराकाठ, धुळे

नमस्कार. नाशिकच्या कारखान्यात जुळवलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून उडाले. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे आणि तो आपल्या खान्देशी मंडळींपुढे सविस्तर मांडावा म्हणून हा धागा काढत आहे. धुळ्याहून निघाले की मालेगाव, चांदवडचा घाट आणि पिंपळगाव ओलांडून आपण ओझरला पोहोचतो. महामार्ग एकच असल्याने तिथे जे बांधले जाते ते आपल्याला परके वाटत नाही. मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने तिथेच बांधली गेली, पण आराखडा रशियाचा आणि आपल्याकडे फक्त परवाना होता. आता पहिल्यांदाच आपल्या आराखड्याचे लढाऊ विमान तिथून बाहेर पडत आहे, म्हणून पुढचा विचार आताच व्हायला हवा असे मला वाटते.

हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) मंजूर आहेत आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाल्यावर त्यांतल्या २९ उरल्या. ही तूट केवळ महागड्या विमानांनी भरून निघणार नाही, कारण तेवढा पैसा कोणत्याही अर्थसंकल्पात एकदम निघत नाही. आपल्याला लागणार आहे ते एका इंजिनाचे, मध्यम क्षमतेचे, शेकड्यांनी बांधता येईल आणि तीस वर्षे खिशाला झेपेल असे विमान. चार देशांनी मिळून बांधले तर असे विमान स्वस्त पडते, हे आपण नेहमी ऐकतो. माझ्या मते हे विधान अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच घोडे पेंड खाते.

आधी स्वस्ताई कुठून येते ते पाहू. आराखडा, चाचण्या आणि साचे यांचा खर्च एकदाच करावा लागतो आणि तो जितक्या जास्त विमानांवर विभागला जाईल तितका प्रत्येक विमानावर कमी पडतो, हे उघडच आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्येच दाखवून दिले होते की, बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दर वेळी दुप्पट झाली की एका विमानाला लागणारे श्रमाचे तास सुमारे २० टक्क्यांनी घटतात. पहिल्या विमानाला १०० धरले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४ आणि आठव्याला ५१. माझा छोटा मशीन शॉप आहे, त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. नवा जॉब लागतो त्या दिवशी कारागीर दर दोन मिनिटांनी ड्रॉइंगकडे वळतो, आणि महिनाभराने तोच कारागीर हाताच्या सवयीने जॉब लावतो, टूल बदलतो आणि मायक्रोमीटर लावण्याआधीच माप बरोबर आले की नाही हे त्याला कटाईच्या आवाजावरून कळलेले असते.

आता युरोफायटर टायफूनकडे पाहा. ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन या चार देशांनी मिळून हे विमान बांधले. फ्रान्सही आरंभी चर्चेत होता, पण वजन, विमानवाहू नौकेवर चालण्याची गरज आणि आराखड्याचे नेतृत्व यांवर मतभेद होऊन तो १९८५ मध्ये बाहेर पडला आणि त्याने राफाल बांधले. उरलेल्या चौघांनी मिळून आरंभी ७६५ विमाने घेण्याचे ठरवले, १९९८ च्या करारात ती ६२० झाली, आणि पुढच्या टप्प्यांत कपात होत होत ती ४७२ वर आली. काम मात्र प्रत्येकाच्या मागणीच्या प्रमाणात वाटायचे ठरले होते, म्हणून डावा पंख इटलीत, उजवा स्पेनमध्ये, मधला सांगाडा जर्मनीत आणि पुढचा भाग ब्रिटनमध्ये बनू लागला. शेवटची जुळणीदेखील चारही देशांत वेगवेगळी ठेवली गेली. ४७२ विमाने एका ठिकाणी जुळवली असती तर कारागिरांच्या हाताला जी सवय लागली असती, ती चार ठिकाणी सरासरी ११८ विमानांवर लागणार नाही. राइटच्या हिशेबात संख्येच्या दोन दुपटी हुकल्या, म्हणजे जिथे ६४ तास पुरले असते तिथे १०० लागतात. हे फक्त जुळणीच्या कामाला लागू आहे, संपूर्ण विमानाला नाही, परंतु दिशा कोणती हे त्यावरून कळते. आराखड्याच्या खर्चाबद्दलही संरक्षण अर्थशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात की, भागीदार जितके, त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा एकूण खर्च वाढतो. चार भागीदार असतील तर एकूण खर्च दुप्पट होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई ऐवजी निम्मा येतो. बचत आहे, पण जाहिरातीत असते तेवढी नाही.

हे वाचताना मला आमच्या पांझरेवरची फड पद्धत आठवली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन काही फडांत विभागलेली. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे आणि बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची, म्हणजे पाणी कमी पडले तर झळ सर्वांना सारखी बसे. बंधाऱ्याच्या डागडुजीचा खर्च जमिनीच्या प्रमाणात वाटला जाई. शतकानुशतके ही पद्धत टिकली, आणि ती का टिकली याचे माझ्या समजुतीप्रमाणे एक मोठे कारण म्हणजे गावाने नेमलेला पाटकरी. खर्चात हिस्सा सर्वांचा असे, पण पाणी सोडणारा हात एकाच माणसाचा असे आणि त्याच्या हातातले फावडे कोणी हिसकावून घेत नसे. विमानाच्या भागीदारीत हा पाटकरी कोण, हे आधी ठरले नाही तर ‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही आपली म्हण अब्जावधी रुपये घालून खरी केल्यासारखे होईल. जाणकारांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

निवृत्त_सार्जंट, चोपडा

पांझराकाठ दादा, धागा काढलात हे फार चांगले केलेत. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो आणि नोकरीचा बराच काळ जॅग्वारवर काढला, म्हणून भागीदारीतल्या विमानाचे म्हातारपण कसे असते ते सांगू शकतो.

जॅग्वार हे ब्रिटन आणि फ्रान्स यांचे अपत्य. १९६६ मध्ये दोघांनी मिळून सेपेकॅट नावाची संयुक्त कंपनी काढली, इंजिनही रोल्स-रॉइस आणि तुर्बोमेका यांनी मिळून बनवले. आपल्याकडे ते १९७९ मध्ये आले आणि शमशेर या नावाने ओळखले गेले. देखभालीच्या दृष्टीने मी इतके समजूतदार विमान दुसरे पाहिले नाही. पंख उंचावर, चाकांचे पाय लांब, त्यामुळे पोटाखाली माणूस सहज वावरू शकतो आणि इंजिन काढायचे झाले तर पोटाचे दरवाजे उघडून ते खाली उतरवता येते. ज्यांनी आराखडा केला त्यांनी फिटरच्या कमरेचा विचार केला होता, हे मी आजही कृतज्ञतेने सांगतो.

पण पुढचे ऐका. फ्रान्सने आपली जॅग्वार २००५ मध्ये निवृत्त केली, ब्रिटनने २००७ मध्ये आणि ओमानने २०१४ मध्ये. जन्मदाते दोघेही निघून गेले आणि चालवणारे आपण एकटे उरलो. एकदा एका हायड्रॉलिक जॅकची रबरी सील हवी होती. बांगडीपेक्षा लहान वस्तू, हातात घेतली तर वजन जाणवत नाही. ती बनवणाऱ्या पुरवठादाराने तिचे उत्पादन केव्हाच बंद केले होते आणि ड्रॉइंग त्याच्या मालकीचे, त्यामुळे इथे कोणाकडून करून घ्यावी तर मिश्रण कोणते आणि कडकपणा किती हे कागदावर नाही. विमान कित्येक आठवडे जॅकवर उभे राहिले. शेवटी दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानातली सील काढून यात बसवली. याला आम्ही कॅनिबलायझेशन म्हणत असू आणि त्याचा सर्वांनाच तिटकारा असे, कारण एका कामाची दोन कामे होतात आणि चालणारा जोड उघडावा लागतो. आज फ्रान्सने आपले निवृत्त सांगाडे भारताला दिले आहेत, ते याच सुट्या भागांसाठी. इंजिन बदलून विमानाला नवी ताकद देण्याचा विचार अनेक वर्षे चालला आणि खर्च परवडेना म्हणून २०१९ मध्ये सोडून द्यावा लागला.

म्हणून माझे म्हणणे असे की, पाटकरी कोण हा प्रश्न विमान बांधतानाच्या पाच-दहा वर्षांपुरता नाही. पाटकरी गाव सोडून गेला तर पाटाचा नकाशा कोणाकडे राहणार, हा त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. खरेदीच्या दिवशी लागणारी किंमत ही विमानाच्या आयुष्यातल्या खर्चाचा लहान भाग असते. अमेरिकेने भागीदार देशांसह बांधलेल्या एफ-३५ लढाऊ विमानाचेच पाहा. मोठ्या संख्येमुळे त्याच्या साध्या आवृत्तीची किंमत ८ कोटी डॉलरच्या खाली आली, पण अमेरिकेच्या ताफ्याचा आयुष्यभराचा देखभाल-खर्च दीड लाख कोटी डॉलरच्या वर जाईल असा त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे.

केळीबाग, रावेर

माहितीपूर्ण चर्चा. माझा प्रश्न सामान्य माणसाचा आहे. शेजारच्या पाकिस्तानने चीनबरोबर जेएफ-१७ बांधले आणि ते स्वस्त आहे असे म्हणतात. त्यांना जमले ते कसे, आणि त्यातून आपण काही घ्यावे की घेऊ नये?

गिरणाखोरे, चाळीसगाव

रावेरकरांच्या प्रश्नाकडे कोणी तरी सविस्तर वळेलच. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात उष्मागतिकी शिकवतो, म्हणून इंजिनाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

भागीदारीत इंजिन दुसऱ्याच्या भरवशावर सोडण्याची किंमत आपण साठ वर्षांपूर्वी मोजली आहे. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरमध्ये एचएफ-२४ मारुतचा आराखडा झाला आणि १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. सांगाडा त्या काळाच्या मानाने उत्तम होता. पण ज्या शक्तिशाली ऑर्फियस इंजिनावर तो बेतला होता त्याचा विकास ब्रिटनमध्ये थांबला, पुढचा खर्च उचलायला आपण तयार झालो नाही, आणि मारुतला आयुष्यभर ऑर्फियस-७०३ हे कमी ताकदीचे इंजिन घेऊन उडावे लागले. मग इजिप्तबरोबर सहकार्य झाले. तिकडे एचए-३०० हे हलके लढाऊ विमान आणि त्यासाठी ई-३०० हे इंजिन तयार होत होते. आपल्याकडे सांगाडा होता आणि इंजिन नव्हते, त्यांना इंजिनाच्या चाचणीसाठी सांगाडा हवा होता. आपले चाचणी-वैमानिक कपिल भार्गव यांनी १९६४ मध्ये इजिप्तचे ते विमान पहिल्यांदा उडवले, आणि आपले एक मारुत ई-३०० बसवून चाचणीसाठी इजिप्तमध्ये गेले. परंतु १९६९ मध्ये इजिप्तने तो सगळा प्रकल्प गुंडाळला आणि मारुतची आशा तिथेच संपली. एकूण १४७ मारुत बांधली गेली. १९७१ च्या युद्धात त्यांनी राजस्थानच्या आघाडीवर चोख काम केले, पण ज्या वेगासाठी ती जन्माला आली होती तो वेग त्यांना कधीच गाठता आला नाही.

इंजिन इतके अवघड का, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी टर्बाइनचे एक पाते हातात घेतो. बोटभर लांबीची वस्तू. तिच्यावरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळण-बिंदूपेक्षाही तापलेला असतो. पाते वितळत नाही, कारण आतून कोरलेल्या बारीक वाटांनी थंड हवा खेळते, केसासारख्या छिद्रांतून ती बाहेर येते आणि पात्यावर हवेची पातळ चादर धरते. शिवाय संपूर्ण पाते धातूच्या एकाच स्फटिकाचे ओतलेले असते, कारण स्फटिकांच्या सीमा असल्या की तिथूनच ते तापमानात आणि ताणात सरकू लागते. ही ओतकामाची विद्या जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे आणि कोणताही भागीदार ती आनंदाने वाटून देत नाही. १९८० च्या दशकात हाती घेतलेले आपले कावेरी इंजिन तेजसमध्ये बसू शकले नाही, त्यामागे अशाच अडचणी होत्या.

म्हणून आज काय होते पाहा. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांची मागणी फेब्रुवारी २०२१ मध्ये नोंदवली गेली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ९९ अमेरिकी एफ-४०४ इंजिनांचा करार झाला, आणि त्यांतले पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट, ही मारुतचीच कथा दुसऱ्या रूपात आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तर तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावे लागले होते. ते काम मग आपल्याच लोकांनी पुरे केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडाले. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय मोडते ती अशी, पण त्यासाठी वर्षे द्यावी लागतात.

तोरणमाळ, शहादा

केळीबाग यांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. शत्रूचे विमान म्हणून जेएफ-१७ ला तुच्छ लेखणे किंवा त्याचा बाऊ करणे, दोन्ही अभ्यासाच्या आड येते.

१९८० च्या दशकात या प्रकल्पाच्या पूर्वरूपात अमेरिकेची ग्रुमन कंपनी होती. १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानानमेन चौकातील घटनांनंतर निर्बंध आले आणि ती बाहेर पडली. चीन आणि पाकिस्तान यांनी पुढे मिळून काम चालू ठेवले आणि २५ ऑगस्ट २००३ रोजी पहिले विमान उडाले. स्वस्त पडण्याची कारणे मला तीन दिसतात. भागीदार दोनच होते आणि आराखड्याचा हात एकाचाच, चीनच्या चेंगडू कंपनीचा होता. सांगाडा आणि इलेक्ट्रॉनिक्स ही दोन कामे त्यांनी मुद्दाम वेगळी केली, म्हणजे रडार कोणते घ्यायचे यावर वाद झाला तरी सांगाड्याच्या चाचण्या अडल्या नाहीत. आणि पाकिस्तानचे हवाई दल हा मोठा, न डगमगणारा ग्राहक पहिल्या दिवसापासून होता. सांगाड्याचे ५८ टक्के काम पाकिस्तानात कामरा येथे आणि ४२ टक्के चीनमध्ये होते. म्यानमार, नायजेरिया आणि अझरबैजान यांनी ते विकत घेतले आहे.

उणीव कुठे आहे, तर गिरणाखोरे सरांनी सांगितले तिथेच. इंजिन रशियाचे आरडी-९३ आहे. म्हणजे दोन भावांनी विहीर खणली, पण मोटर तिसऱ्याच्या मीटरवर चालते. शिवाय चीनने स्वतःच्या हवाई दलासाठी हे विमान घेतले नाही, त्यामुळे त्यात पुढची सुधारणा करण्याची निकड एकाच भागीदाराला वाटते. आपण घ्यावा असा धडा माझ्या मते सांगाडा आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळे ठेवण्याचा आहे.

पांझराकाठ, धुळे

सार्जंट साहेब, सर, तोरणमाळकर, आपल्या तिघांच्या लेखनाने माझा विचार एक पायरी पुढे गेला आहे. पाटकरी एक असावा एवढेच मी म्हणत होतो, आता त्याच्याबरोबर नकाशाची प्रत प्रत्येक हिस्सेदाराच्या घरी असावी, हेही मी जोडतो.

काम वाटण्याबद्दल माझ्या दुकानातला एक प्रसंग सांगतो, कारण ‘खान्देशातही विमानाचे भाग बनू शकतात’ हे वाक्य सभांमध्ये फार सोपे करून बोलले जाते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या पुरवठादाराने आम्हाला ॲल्युमिनिअमच्या एका ब्रॅकेटचे नमुन्याचे काम दिले. तळहातात मावेल एवढा भाग, सहा भोके, एक खाच आणि टॉलरन्स दोन शतांश मिलिमीटर. आमच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटाईच्या मशीनवर) ते निघत होते. पाच नग काढले, बाहेरून सीएमएमवर (अचूक मोजणी-यंत्रावर) मोजून आणले, सर्व मापे बरोबर आली. तपासनिसाने मापांकडे पाहिलेही नाही. त्याने विचारले की, ज्या सळईतून हे नग कापले तिचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, प्रत्येक तुकड्यावर कापण्याआधी उतरवला होता का. सळईच्या एका टोकाला तो नंबर ठोकलेला होता, पण आमच्या मुलाने कापणी दुसऱ्या टोकाकडून सुरू न करता नेमकी नंबराच्या टोकाकडून केली आणि तो तुकडा भंगारात गेला. पाचही नग नापास झाले. मला त्या दिवशी वाईट वाटले, पण तपासनीस बरोबर होता. दहा वर्षांनी त्या ब्रॅकेटला तडा गेला तर त्याच ओतीच्या धातूचे दुसरे भाग कोणकोणत्या विमानांत बसले आहेत, हे त्या नंबरावरूनच शोधता येते.

हे सांगण्याचे कारण असे की, कामाचा वाटा देशाच्या किंवा जिल्ह्याच्या नावावर मागितला की अशी शिस्त नसलेल्या जागी काम जाते, आणि मग तिथे शिस्त लावण्याचा खर्च विमानाच्या किमतीत चढतो. एफ-३५ मध्ये कागदोपत्री तरी तत्त्व असे होते की, भागीदार देशाच्या कंपनीने दर आणि दर्जा यांवर काम मिळवावे. आम्ही त्यानंतर सळईच्या दोन्ही टोकांना नंबर ठोकतो, प्रत्येक तुकड्यावर तो कापण्याआधी उतरवतो आणि कापणीची वही वेगळी ठेवतो. एएस ९१०० हे विमान-उद्योगातले दर्जाचे प्रमाणपत्र मिळवण्याची तयारी सुरू आहे. धुळे, जळगाव आणि भुसावळ इथल्या पाच-सहा दुकानांनी मिळून एक मोजणीघर उभे केले तर प्रत्येकाला सीएमएमसाठी बाहेर धावावे लागणार नाही, ही भागीदारी मला आधी करावीशी वाटते.

अमळनेरकर

पांझराकाठ यांच्या मूळ भूमिकेशी माझा थोडा मतभेद आहे आणि तो मांडतो. आपण सगळा भर पाटकऱ्यावर देत आहात. माझ्या मते भागीदारी मोडते ती मुख्यतः मागणीचे आकडे हलल्यामुळे. टायफूनचे ७६५ चे ४७२ झाले, हे आपणच लिहिले आहे. त्यात पाटकरी नसण्याचा दोष किती आणि शीतयुद्ध संपल्याने गरज घटण्याचा किती, हे वेगळे करून पाहायला हवे.

एक हात आणि पक्के आकडे, दोन्ही असतील तर काय होते याचे उदाहरण एफ-१६ चे आहे. १९७५ मध्ये बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि नॉर्वे या चार लहान देशांनी एकत्र येऊन ३४८ विमानांची मागणी नोंदवली. आराखडा अमेरिकी कंपनीच्या हातात राहिला. बदल्यात ठरले ते असे : या चौघांच्या विमानांच्या मूल्याच्या ४० टक्के, अमेरिकी हवाई दलाच्या पहिल्या ६५० विमानांच्या १० टक्के आणि इतर देशांना विकल्या जाणाऱ्या विमानांच्या १५ टक्के काम युरोपात होईल. जुळणीच्या ओळी बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये उभ्या राहिल्या. लहान देशांना इतरांच्या विक्रीतही हिस्सा मिळाला, म्हणून विमान जगभर खपावे यात त्यांचा स्वार्थ गुंतला. आजपर्यंत ४,६०० हून अधिक एफ-१६ बांधली गेली आहेत. राइटचा नियम इथे पूर्ण ताकदीने चालला.

उलट उदाहरण कोरियाच्या केएफ-२१ चे. इंडोनेशियाने विकास-खर्चाचा २० टक्के वाटा उचलण्याचे मान्य केले, मग हप्ते थकवले, आणि अखेर त्याचा वाटा ६०० अब्ज वॉनपर्यंत, म्हणजे ठरल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास खाली आणावा लागला. तरीही विमान १९ जुलै २०२२ रोजी उडाले, कारण कोरियाने स्वतःचा पैसा आणि स्वतःची मागणी यांवर प्रकल्प तोलून धरला होता. आपणही रशियाबरोबर पाचव्या पिढीच्या विमानासाठी २०१० मध्ये प्राथमिक आराखड्याला २९.५ कोटी डॉलर दिले आणि २०१८ मध्ये बाहेर पडलो. तिथे मागणीचा आकडा आणि कामाचा वाटा, दोन्ही शेवटपर्यंत स्थिर झाले नाहीत.

माझा निष्कर्ष : बाहेरचा एकही भागीदार उरला नाही तरी प्रकल्प चालेल एवढी मागणी आपली स्वतःची हवी. ८३ आणि त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदवलेली ९७ मिळून १८० तेजस मार्क-१ए होतात. पुढच्या विमानासाठी हाच आकडा पहिल्या दिवशी जाहीर व्हावा, हप्त्याहप्त्याने नव्हे.

निवृत्त_सार्जंट, चोपडा

अमळनेरकरांचे आकडे मला पटले. एक भर घालतो. भागीदार बाहेर काढावा लागला तर काय, हेही करारात हवे. तुर्कस्तानने रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण प्रणाली घेतली म्हणून २०१९ मध्ये त्याला एफ-३५ मधून वगळले गेले, तेव्हा त्या विमानाचे सुमारे ९०० भाग तिथे बनत होते. ते काम पुढे दुसरीकडे हलवता आले. माझ्या त्या रबरी सीलच्या बाबतीत हेच घडले नव्हते.

गिरणाखोरे, चाळीसगाव

अगदी योग्य. इंजिनाच्या करारात तर मी भागांची नावे घालून मागेन : टर्बाइनच्या पात्याचे ओतकाम, दहन-कक्षावरचे लेपन आणि दुरुस्तीनंतरची चाचणी. ‘तंत्रज्ञान हस्तांतर’ एवढाच शब्द लिहिला तर बाहेरची नळकांडी आणि कंस हाती लागतात. पुढच्या पिढीच्या तेजससाठी एफ-४१४ इंजिन भारतात बनवण्याचा सामंजस्य करार जून २०२३ मध्ये झाला आहे. त्याचा मोलभाव याच यादीवर व्हावा, असे मला मनापासून वाटते.

जंक्शन, भुसावळ

मी आयुध निर्माणीत टर्नर म्हणून निवृत्त झालो. विमानातले मला फार कळत नाही, परंतु पांझराकाठ यांच्या पाटकऱ्याला आमच्याकडे काय म्हणत ते सांगतो.

आमच्या कामात प्रत्येक माप गेजने तपासले जाई. कारागिराच्या हातात कामाचा गेज असे. तो हजारो नगांवर घासून झिजतो, म्हणून तपासणी विभागाकडे त्याच्याहून अचूक गेज असे, आणि त्या दोघांचाही बाप म्हणजे मास्टर गेज. तो उत्पादनात कधीच येत नसे. तेल लावून, मऊ कापडात गुंडाळून, वातानुकूलित खोलीतल्या कपाटात ठेवलेला असे, कारण हाताच्या उबेनेही पोलाद फुगते. दोन विभागांत वाद झाला, एक म्हणे नग बसतो आणि दुसरा म्हणे बसत नाही, तर दोघेही त्या खोलीत जात आणि मास्टर गेज जे सांगेल ते मान्य करत. दोन्ही विभागांनी आपापला वेगळा मास्टर ठेवला असता तर दोघेही स्वतःच्या जागी बरोबर ठरले असते आणि नग एकमेकांत कधीच बसले नसते. डावा पंख एका देशात आणि उजवा दुसऱ्यात बनतो हे वाचल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवले.

त्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असे. तो रजेवर जाताना रजिस्टरमध्ये नाव, तारीख आणि वेळ लिहून, दोघांच्या सह्यांनिशी ती दुसऱ्याच्या हाती देत असे. असा करार कधी वाचायला मिळाला तर किल्लीचे कलम मी आधी शोधेन.